मतदार यादीतलं नाव लवकर कोण शोधतं: डोळा, फोन की कॉम्प्युटर?

मरोळमध्ये निवडणूक जवळ आली की जुम्याच्या नमाजनंतर एक दृश्य ठरलेलं असतं. मशिदीबाहेर एखादं टेबल, त्यावर मतदार यादीच्या प्रिंटचा गठ्ठा, मागे दोन-तीन तरुण आणि समोर रांग. "बेटा, माझं नाव बघ ना जरा." "खाला, कार्ड आणलंय का?" "कार्ड घरी आहे, नाव सांगते ना, शेख आहे..." आणि मग तो बेटा बोटाने पानं चाळायला लागतो. शेख तर प्रत्येक पानावर आहेत.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मुलांनी ठरवलं, की हे काम कॉम्प्युटरवर करायचं. यादी घ्यायची, त्यातून प्रत्येक मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि ओळखपत्र क्रमांक असे रकाने वेगळे काढायचे आणि एक्सेलमध्ये भरायचे. एकदा एवढं झालं, की नाव टाकलं आणि सापडलं. कोणती पद्धत सगळ्यात लवकर, यावर त्यांची पैजही लागली. एक म्हणाला पायथन, दुसरा म्हणाला एका ओळीची कमांड पुरे. पैज कोण जिंकलं ते सांगतोच, पण त्या नादात जे कळलं ते जास्त कामाचं आहे.

आधी यादी कशी असते ते बघू. विधानसभेची यादी भागांमध्ये विभागलेली असते. एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राचे मतदार, हजाराच्या आसपास. पानावर तीन उभ्या रांगा, प्रत्येकीत दहा चौकटी, म्हणजे एका पानावर 30 मतदार. प्रत्येक चौकटीत वर अनुक्रमांक आणि ओळखपत्र क्रमांक, खाली नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. ही माहिती चौकटीत आहे, म्हणजे ती रकान्यांत आहे असं आपल्याला वाटतं. पण कॉम्प्युटरसाठी ती रकान्यांत नसते.

कारण ही पीडीएफ म्हणजे बहुतेक वेळा अक्षरं नसून चित्रं असतात. तुम्ही वर्तमानपत्राचा फोटो काढला तर त्या फोटोत 'शेख' हा शब्द शोधता येत नाही, तसंच. हे काही चुकून झालेलं नाही. 2018 मध्ये मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या निवडणुकांआधी कमल नाथ आणि सचिन पायलट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. यादी शोधता येईल अशा स्वरूपात द्या, ही त्यांची एक मागणी होती. निवडणूक आयोगाने मतदारांच्या खासगी माहितीचं कारण पुढे केलं. 12 ऑक्टोबर 2018 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळल्या. ज्याला हवी त्याने स्वतःच्या मेहनतीने ती शोधण्याजोगी करून घ्यावी, असा त्या निकालाचा सूर होता. ऑगस्ट 2025 मध्ये राहुल गांधींनी कर्नाटकातल्या महादेवपुरा मतदारसंघाच्या याद्यांचे ढीग पत्रकारांना दाखवले, तेव्हाही तक्रार हीच होती: कागद मिळतो, पण कॉम्प्युटरला वाचता येईल अशी फाइल मिळत नाही.

आता दुसरी बाजू बघा. बिहारमध्ये 2025 साली विशेष सखोल फेरतपासणी झाली. 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावं बाहेर राहिली. 14 ऑगस्ट 2025 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की या वगळलेल्या नावांची यादी कारणांसह जाहीर करा आणि ती ओळखपत्र क्रमांक टाकून शोधता आली पाहिजे. म्हणजे नाव यादीत आहे की नाही हे लवकर कळणं ही हौसेची गोष्ट नाही, हे न्यायालयालाही पटलं. हरकतीची मुदत संपल्यावर नाव सापडून काय उपयोग?

आता पद्धतींकडे येऊ. पहिली पद्धत डोळ्यांची.

हिशेब सोपा आहे. भागात 1,020 मतदार धरा, म्हणजे 34 पानं. एका चौकटीला दोन सेकंद दिले तर एक पान एका मिनिटात होतं. पूर्ण भाग 34 मिनिटांत. हे झालं एका नावासाठी. पण माणूस हुशार असतो. त्याला माहीत असतं की अमुक चाळ यादीत साधारण कुठे आहे, कारण यादी घरांच्या क्रमाने लावलेली असते. सराव असलेला कार्यकर्ता थेट त्या पानावर जातो आणि दोन मिनिटांत नाव काढतो. आमच्याकडे एक चाचा आहेत, त्यांना तर पान क्रमांक पाठ. त्यांच्याशी स्पर्धा करायला कॉम्प्युटरने जरा विचार करून यावं.

पण 20 भाग असले की 680 पानं होतात, म्हणजे 11 तास 20 मिनिटं. तेही न थकता, न जांभई देता. चाचासुद्धा तिथे हरतात.

दुसरी पद्धत: चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, ज्याला ओसीआर म्हणतात. फुकट मिळणाऱ्यांत टेसरॅक्ट हा जुना आणि भरवशाचा. ह्युलेट-पॅकर्ड कंपनीत 1985 नंतर तो तयार झाला, 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, पुढे गुगलने त्याला हात दिला. त्याला मराठीही येते. साध्या लॅपटॉपवर एका पानाला काही सेकंद लागतात. 680 पानं रात्री लावून झोपलात तर फजरपर्यंत झालेली असतात.

ऐकायला छान वाटतं. सकाळी फाइल उघडली तेव्हा आमच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

पहिला घोटाळा रांगांचा. प्रोग्रामने पान आडवं वाचलं. पहिल्या चौकटीचं नाव, लगेच दुसऱ्या चौकटीचं, मग तिसऱ्या चौकटीचं. पुढच्या ओळीत तिघांच्या वडिलांची नावं एकत्र. एका माणसाला शेजारणीचा नवरा आणि समोरच्या दुकानदाराचं वय मिळालं. यावर उपाय असा की आधी पानाच्या 30 चौकटी चित्र म्हणूनच कापून घ्यायच्या आणि मग एकेक चौकट वाचायला द्यायची. वेळ वाढतो, पण नंतरचा गोंधळ वाचतो.

दुसरा घोटाळा अक्षरांचा, आणि तो नेमका आपल्याच नावांवर येतो. 'ख' हे अक्षर छपाईत जरा फाकलं की 'रव' दिसतं. मग 'खान'चा 'रवान' होतो आणि 'शेख'चा 'शेरव'. मोहल्ल्यात सगळ्यात जास्त असणारी दोन आडनावं, आणि नेमकी तीच बिघडतात! भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांचीही अशीच अदलाबदल. एका काकांचं नाव कॉम्प्युटरने 'नाही' म्हणून सांगितलं. ते घाबरून गेले. चाचांनी गठ्ठा उघडला आणि बोट ठेवलं: हे काय आहे मग? छापील यादीत नाव अगदी बरोबर होतं. बिघाड आमच्या फाइलमध्ये होता.

तेव्हापासून एक नियम केला. कॉम्प्युटर 'आहे' म्हणाला तर ठीक, 'नाही' म्हणाला तर कागद बघितल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही.

कधी कधी अक्षरं असलेली पीडीएफही हाती येते. तिथे ओसीआरची गरज नाही, मजकूर थेट बाहेर काढता येतो आणि तो एका क्षणात येतो. पण देवनागरीचं दुखणं तिथेही आहे. कित्येक फायलींत फॉन्टची जोडणी अशी असते, की दिसायला 'सिद्दीकी' दिसतं आणि कॉपी केलं की वेलांट्या इकडच्या तिकडे, जोडाक्षर गायब. म्हणून पहिल्या पानावरची पाच-सहा नावं कॉपी करून आधी बघावीत. ती धड आली तरच पुढे जावं.

आता समजा, कसाही का होईना, मजकूर हाती आला. प्रत्येक ओळीत एक मतदार, मध्ये स्वल्पविराम. आता त्यातून हवा तो रकाना काढायचा, आणि मुलांची पैज इथेच होती.

सगळ्यात साधं हत्यार म्हणजे 'कट' नावाची कमांड. लिनक्स आणि मॅकवर ती आयती असते. तिला सांगायचं, स्वल्पविरामावर काप आणि तिसरा तुकडा दे. ती अक्षरं वाचत नाही, अर्थ लावत नाही, फक्त स्वल्पविराम मोजते. म्हणून ती सगळ्यात वेगवान. खाटकाच्या दुकानातला सराईत हात बघा, मांस कुठलं ते न बघता सांध्यावर सुरी चालते, तसं.

दुसरं हत्यार 'ऑक'. 1977 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये एहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी ते बनवलं आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच त्याचं नाव पडलं. ऑक प्रत्येक ओळ रकान्यांमध्ये मोडतं आणि वर विचारही करू शकतं: वय 80 च्या वर असेल तरच नाव दे, घर क्रमांक रिकामा असेल तर वेगळ्या फाइलमध्ये टाक. एवढं काम जास्त, म्हणून 'कट'पेक्षा थोडं हळू.

तिसरं पायथन. ते सुरू व्हायलाच क्षणभर घेतं, आणि ओळ तोडायच्या त्यात तीन-चार रीती आहेत. नुसती स्वल्पविरामावर तोड ही वेगवान. सीएसव्ही वाचणारं तयार साधन जरा हळू, पण शहाणं. आणि नमुना देऊन शोधायचं, ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, ते बहुधा सगळ्यात संथ, कारण प्रत्येक ठिकाणी थांबून 'हे जुळतं का, नाही तर मागे येऊन पुन्हा बघ' असं चालतं. नमुना वाईट लिहिला तर ते मागे येणंच इतकं वाढतं, की प्रोग्राम अडकला की काय असं वाटतं.

म्हणजे पैज 'कट'वाला जिंकला. पण किती फरकाने, ते बघा. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट घेतं. एका मतदाराची ओळ 250 बाइटची धरली तर 1,020 मतदारांचे झाले 2,55,000 बाइट. वीस भागांचे साधारण 51 लाख, म्हणजे पाच एमबी. ईदला व्हॉट्सॲपवर येणारा एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो. एवढ्याशा फाइलवर तिन्ही हत्यारं पापणी लवायच्या आत काम संपवतात. कोण पहिला आला, हे बघायला घड्याळही कमी पडतं.

हाच हिशेब पूर्ण मुंबईसाठी करा. महापालिकेच्या 15 जानेवारी 2026 च्या निवडणुकीसाठी मुंबईत सुमारे 1 कोटी 3 लाख मतदार होते. 250 बाइटने गुणलं की अडीच जीबीच्या वर जातं. तिथे मात्र फरक दिसतो. नुसता एक रकाना हवा असेल तर 'कट' पुढे निघून जातं, आणि नमुने शोधणारा प्रोग्राम मागे धापा टाकत येतो. तिथे एक युक्तीही कामी येते: आधी गाळा, मग कापा. आधी 'ग्रेप' कमांडने मरोळचा शब्द असलेल्या ओळीच वेगळ्या करायच्या आणि तेवढ्याच ओळींचे रकाने पाडायचे. कोटभर ओळी कापून त्यातल्या हजार ठेवण्यापेक्षा हजारच कापलेल्या बऱ्या. तांदूळ निवडल्यावर धुतो, धुतल्यावर निवडत बसत नाही.

पण आपल्याला काम मोहल्ल्याचं आहे, मुंबईचं नाही. आणि मोहल्ल्याच्या कामात वेगवान 'कट'ने आम्हाला चांगलंच फसवलं.

एका मतदाराचा घर क्रमांक होता 'रूम नं. 4, चाळ 7'. मध्ये स्वल्पविराम! 'कट'ला काय माहीत की हा पत्त्यातला स्वल्पविराम आहे? त्याने तिथेही सुरी चालवली. झालं, त्या ओळीत वयाच्या जागी 'चाळ 7' आणि लिंगाच्या जागी वय. ज्यांचा घर क्रमांक रिकामाच होता, आणि ओळ करताना ती रिकामी जागाही गळून गेली, त्यांच्या ओळी एक घर डावीकडे सरकल्या. इमारतीत राहणाऱ्यांचं ठीक, पण चाळी, झोपड्या आणि पुनर्वसनात हललेली घरं यांचे पत्ते असेच वाकडेतिकडे असतात. म्हणजे चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या आल्या नाहीत. ज्यांचा पत्ता सरळ त्यांची ओळ सरळ, आणि ज्यांना मदतीची गरज जास्त त्यांचीच ओळ मोडकी.

पायथनचं सीएसव्ही साधन इथे कामाला आलं. अवतरण चिन्हांतला स्वल्पविराम ते कापत नाही. दुसरा सोपा उपाय म्हणजे रकान्यांमध्ये स्वल्पविराम ठेवूच नये, उभी रेघ किंवा टॅब ठेवावा, जो पत्त्यात कधी येत नाही. मग 'कट'ही चालतं आणि ऑकही. आणि त्याहून पक्कं म्हणजे जागेवर न जाता लेबलवर जावं: 'घर क्रमांक' या शब्दांच्या पुढे जे आहे ते घर क्रमांक, 'वय'च्या पुढे जे आहे ते वय. मधलं काही गळालं तरी बाकीचे रकाने आपल्या जागी राहतात. ही पद्धत संथ आहे. किती संथ? वीस भागांना फार तर एखाद-दोन सेकंद. सरकलेल्या ओळी हाताने नीट करण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

नावाच्या रकान्याचं तर वेगळंच. यादीत बहुतेकदा आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव. पण सगळीकडे तसं नसतं. कुठे 'शेख रेहाना अब्दुल', कुठे 'रेहाना अब्दुल शेख', कुठे नुसतं 'रेहाना बानो', आडनावच नाही. 'पहिला शब्द म्हणजे आडनाव' असं कॉम्प्युटरला शिकवलं तर रेहाना हे आडनाव होऊन बसतं. आणि स्पेलिंगबद्दल काय बोलावं! आयेशा, आयशा, आएशा, आईशा. कुरेशी, कुरैशी, खुरेशी. मोहम्मद, मुहम्मद, मोहमद, मो. एकाच घरातल्या तीन भावांचं आडनाव तीन तऱ्हेने लिहिलेलं आढळतं. त्यात नुक्त्याची गंमत आणखी. 'ज़' हे अक्षर कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतं, एकतर अख्खं एक चिन्ह, नाहीतर 'ज' आणि वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कॉम्प्युटरसाठी मात्र दोन वेगळी नावं. नवाज़ शोधलं आणि नवाज़ सापडला नाही, असं होतं ते यामुळे. त्यामुळे शोधण्याआधी सगळा मजकूर एका साच्यात आणावा लागतो: नुक्ते काढा, ह्रस्व-दीर्घ सारखं करा, 'मो.'चा मोहम्मद करा. यालाही वेळ लागतो, आणि हा वेळ वाचवू नये.

या सगळ्यात एकच रकाना असा निघाला जो लवकरही निघतो आणि भरवशाचाही आहे. तो म्हणजे ओळखपत्र क्रमांक, ज्याला आपण एपिक नंबर म्हणतो. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सात आकडे. आकार ठरलेला, म्हणून नमुना देऊन शोधणं सोपं. वर ओसीआरची चूकही त्याच आकाराने पकडता येते: शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' आला आणि ती जागा आकड्याची असेल, तर तो शून्यच. पाचाचा 'एस', आठाचा 'बी' झाला असेल तर तोही सुधारता येतो. अपवाद फक्त जुन्या कार्डांचा. महाराष्ट्रातल्या जुन्या ओळखपत्रांवर 'एमटी'ने सुरू होणारे, मध्ये तिरप्या रेघा असलेले लांब क्रमांक आहेत. आमच्या पहिल्या प्रोग्रामने असे क्रमांक बिनबोभाट गाळून टाकले होते, आणि असं कार्ड जपून ठेवणारे कोण असतात? वयस्कर माणसं. दोन्ही आकारांचे नमुने दिल्यावर ती परत आली.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. रकाने सुटे झाले की मोह होतो, की चला, दुबार नावं शोधू. महापालिका निवडणुकीच्या वेळी हा विषय पेटलेला होताच. प्रभागांच्या याद्या 1 जुलै 2025 च्या विधानसभा यादीवरून फोडल्या होत्या आणि मुंबईच्या प्रारूप यादीत सुमारे 11 लाख नोंदी संभाव्य दुबार निघाल्या. अशा नावांपुढे दोन तारे छापायचे आणि मतदान केंद्रावर त्या मतदाराकडून लेखी हमी घ्यायची, असं राज्य निवडणूक आयोगाने ठरवलं होतं.

आमच्या मुलांनीही आपल्या फाइलवर तसाच शोध लावला: नाव सारखं, वय सारखं, तर दुबार. क्षणात यादी तयार. ती घेऊन ते एका चाळीत गेले. पहिल्याच दारात दोन माणसं उभी राहिली, दोघांचं नाव तेच, वय तेच, चाळही तीच. दोन वेगळी माणसं! एकाचे वडील कोकणातून आलेले, दुसऱ्याचे मराठवाड्यातून. आपल्यात मोहम्मद, अब्दुल, फातिमा ही नावं किती घरांत आहेत ते सांगायला नको. जिथे नावांचं वैविध्य कमी, तिथे नाव आणि वय हे दोन रकाने जुळणं म्हणजे काहीच नाही. वडिलांचं नाव जोडलं तेव्हा ती यादी बरीच आखडली. फोटो बघितल्यावर त्याहून लहान झाली. ही पायरी सगळ्यात संथ आहे, ती डोळ्यांनीच होते आणि दारात उभं राहूनच होते. नाव वगळायला फॉर्म 7 लागतो. एखाद्याने घाईत तयार केलेल्या यादीवरून गठ्ठ्याने फॉर्म 7 भरले, तर ज्याचं नाव खरोखर एकदाच आहे त्यालाही आपण खरे आहोत हे सिद्ध करायला चकरा माराव्या लागतात.

मुलांनी ती पहिली यादी फाडून टाकली. बरं केलं.

मग कुणी काय वापरावं? तुमच्या एका घराचा प्रश्न असेल तर यातलं काहीही करू नका. निवडणूक आयोगाच्या मतदार शोध पानावर एपिक नंबर टाका, अर्ध्या मिनिटात भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह उत्तर येतं. मोबाइल नंबरवरून किंवा नाव-वय टाकूनही शोधता येतं, पण नावाने शोधताना स्पेलिंगचा वर सांगितलेला त्रास तिथेही होतो. म्हणून नंबर बरा. 1950 हा मदतीचा फोन नंबर आहे. एका इमारतीचा किंवा एका चाळीचा प्रश्न असेल तर छापील यादी आणि एखादे चाचा पुरेत. पाच-दहा भागांच्या वर गेलात तरच लॅपटॉप उघडा. तेव्हाही क्रम असा ठेवा: आधी चौकटी कापा, मग अक्षरं ओळखा, मग एपिक नंबर काढा, बाकीचे रकाने लेबलवरून काढा, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी मोजा की 30 निघाले का. 29 निघाले असतील तर तिथेच थांबा. शेवटच्या पानावर कमी असणार, ते सोडून.

एक गोष्ट घरातल्या मुलामुलींना जरूर सांगा. पीडीएफचं एक्सेल करून देणाऱ्या फुकट वेबसाइट खूप आहेत. तिथे यादी चढवली की काम पटकन होतं, पण मोहल्ल्यातल्या हजार माणसांची नावं, वयं आणि घरं कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन बसतात. आपल्याच लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम थोडा हळू असला तरी तोच वापरा. काम झाल्यावर फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, पुसून टाका.

आणि नाव सापडलं नाहीच, कागदावरही नाही, तर नव्या नोंदणीसाठी फॉर्म 6. नाव आहे पण चुकलंय, पत्ता बदललाय, फोटो दुसऱ्याचाच लागलाय, तर फॉर्म 8. बायकांच्या बाबतीत लग्नानंतर माहेरच्या यादीत नाव राहून जातं, सासरी आल्यावर फॉर्म 8 नेच ते हलवता येतं, नवीन फॉर्म 6 भरू नये, नाहीतर खरोखरच दुबार नोंद होते. फॉर्म ऑनलाइन भरता येतात, बीएलओकडेही देता येतात. पोच पावतीचा क्रमांक लिहून ठेवा. आमच्या टेबलावर आता लॅपटॉप आहे, छापील गठ्ठाही आहे, आणि बाजूला एक जाड वही आहे. त्या वहीत फक्त हे पावती क्रमांक असतात. ते मात्र आम्ही हातानेच लिहितो.